पाठकोरे

६ मार्च २०२२, रविवार

मुऐदरहून अल हिलालला पोचायला आज तासावर वेळ गेला. गुरुवारी जो रस्ता होता तो आज नाही. तिथे आता खड्डा आहे आणि खड्ड्याभोवती लाल-पांढरे अडथळे. "वर्ल्ड कप से पहले सब खलास, इन्शाल्ला," टॅक्सीवाला म्हणाला. दोहात हल्ली कुठल्याही प्रश्नाला वर्ल्ड कप हेच उत्तर. माझं काँट्रॅक्टसुद्धा "वर्ल्ड कपनंतर बघू" म्हणून लोंबकळत ठेवलंय.

प्रा. वसंतराव घोटवडेकरांच्या घरी गेले होते. जानेवारीत वारले बिचारे. आमच्या युनिव्हर्सिटीत त्यांनी वर्षानुवर्षं सिव्हिलच्या मुलांना माती आणि पाया शिकवला. जुन्या प्राध्यापकांचे कागद जमवून ते नीट लावून ठेवायचे, हे आमच्या अर्काइव्हजचं काम. टिपणं, प्रश्नपत्रिका, फोटो, पत्रव्यवहार. अनय त्याला रद्दीचं दुकान म्हणतो. नवरा इंजिनियर असला की बायकोच्या नोकरीला नाव ठेवायचा परवाना त्याच्याकडे असतोच. कुटुंब मराठी म्हणून इकबाल सरांनी मलाच पाठवलं. सर आमचे सेक्शन हेड, हैदराबादचे. ऑफिसात मराठी मी एकटीच.

घोटवडेकर काकू मिरजेच्या. दार उघडल्यापासून ज्या बोलायला लागल्या त्या मी निघेपर्यंत. काकांना तीन वर्षांपूर्वी घशाचा कॅन्सर झाला, स्वरयंत्रच काढावं लागलं. पाठोपाठ करोना. मग दोघंच या घरात, येणारं-जाणारं कुणी नाही. मुलगी मिरजेत. आता घरमालकाने जागा रिकामी करायला सांगितलीय, कारण त्याला मॅचवाल्या पाहुण्यांना फ्लॅट द्यायचाय. काकूंचा इथे राहायचा आयडी काकांच्या नावावर होता, तोही संपत आलाय. सप्टेंबरअखेर जायचं म्हणाल्या.

त्यांची एक गंमत वाटली. आपल्याला काही विचारतात आणि तोंडाकडे न बघता टेबलाकडे बघत थांबतात. "साखर किती घालू गं?" विचारलं आणि माझ्या हाताकडे बघत बसल्या. मी बोलले तशा दचकल्या. वयच आहे म्हणा.

९ मार्च, बुधवार

आज फॉर्म भरून घेतला. त्यात एक रकाना असा की आम्ही जे ठेवणार नाही ते परत हवं की नको. मी काकूंना विचारलं.

"परत घेऊन कुठं जाऊ मी? लेकीच्या दोन खोल्या, त्यात वाळवी. तुमच्याकडं एसीत राहू दे की. मागंपुढं सगळं बघून नीट ठेव म्हणजे झालं."

मी 'परत नको'वर खूण केली. त्यांनी चष्माही न लावता सही ठोकली. विश्वासाने वागणारी माणसं असली की काम कसं झटपट होतं.

खोकी भरताना मात्र त्या मधेमधे लुडबुडत होत्या. प्रत्येक खोकं बंद करण्याआधी आत हात घालून कागद सारखे करायच्या. शेवटच्या खोक्याला चिकटपट्टी लावली तेव्हा म्हणाल्या, "मी कधी पण येऊन बघू शकते ना?" म्हटलं, काकू, तुमचेच आहेत, फक्त आधी फोन करा. यल्ला म्हणत हमालांनी खोकी उचलली. घर एकदम मोठं दिसायला लागलं.

२० मार्च, रविवार

खोकी उघडली. काका कमालीचे शिस्तीचे. प्रत्येक विषयाची फाईल, फाईलला चिठ्ठी, मुंगीच्या पावलांएवढं इंग्रजी अक्षर.

आणि मग एक कागद उलटा झाला नि मी एकटीच हसत सुटले. पाठकोरे! प्रश्नपत्रिकेच्या मागे पेन्सिलने, मोठ्या घाईच्या अक्षरात, मराठी. चहा, खिडकी, औषध, पंखा, असलं काहीतरी. कुठे आकडे घालून मुद्दे पाडलेले. कुठे अख्ख्या कागदावर नुसतं 'नको'. जवळजवळ प्रत्येक फाईलमध्ये आहेत. काकूंच्या घरकामाच्या नोंदी असणार. आमचे बाबा नाशिकला कॅलेंडरच्या पानांचेसुद्धा चौकोन कापून चिमट्याला लावून ठेवायचे आणि त्यावर वाणसामान लिहायचे. मराठी घरात कागदाची मागची बाजू कोरी राहिली तर शपथ.

इकबाल सरांना दाखवलं. त्यांनी कागद दोन्ही हातांत धरून बराच वेळ बघितला. "ये पीछे क्या है?"

"कुछ नहीं सर. घर का है. रफ."

"अच्छा," म्हणाले. पण कागद लगेच खाली ठेवला नाही.

२ एप्रिल, शनिवार

पाडवा आणि पहिला रोजा एकाच दिवशी आलेत. गुढी बाल्कनीत आतल्या बाजूला उभारली. लेकीला, ईराला, म्हटलं नमस्कार कर, तर "Do I have to?" सगळं कळतं हिला मराठी, उत्तर मात्र इंग्रजीतच. अनय समैस्माच्या साइटवर आहे. आठवडाभर आमचं बोलणं फोनवरच्या मेसेजमध्येच. दूध आण, एसीवाला आला का, उशीर होईल. सणाच्या दिवशी एवढं एकटं वाटेल असं वाटलं नव्हतं.

दुपारी काकूंचा फोन. पाडव्याच्या शुभेच्छा वगैरे झालं आणि मग विचारलं, "कागद बरे आहेत ना गं?" दवाखान्यात ठेवलेल्या माणसाची चौकशी करावी तसं. मी म्हटलं, एकदम मजेत आहेत.

१५ मे, रविवार

आमचा खोकी ठेवायचा हॉल जाणार. वर्ल्ड कपच्या स्वयंसेवकांचं ट्रेनिंग तिथे घ्यायचंय, जूनच्या मध्यापर्यंत रिकामा हवा. वरून हुकूम असा की कायमचं ठेवण्यासारखं वेगळं काढा, बाकीचं स्कॅन करा आणि कागद फाडायला द्या. ज्यांनी 'परत हवं' म्हटलंय त्यांचं परत करा. घोटवडेकरांचे फोटो आणि तीन-चार मूळ आराखडे कायमच्या कपाटात जातील. टिपणं आणि प्रश्नपत्रिका स्कॅन.

स्कॅनवाली मशीन मोजक्या दिवसांसाठी मिळालीय. इकबाल सर माझ्या टेबलापाशी आले. "प्रोफेसर साहब के काग़ज़, दोनों तरफ़ ले लें?"

मी म्हटलं, कशाला? दुप्पट वेळ जाईल. शिवाय युनिव्हर्सिटीच्या कॅटलॉगमध्ये कुणाच्या चहासाखरेच्या नोंदी गेल्या तर लोक हसतील. मागच्या वर्षी एका तमिळ प्राध्यापकाचे कागद असेच दोन्ही बाजूंनी स्कॅन केले होते, कारण मागे काय लिहिलंय ते ऑफिसात कुणालाच वाचता येत नव्हतं. निघाला असेल इडलीचा हिशोब. नुसता पसारा.

"हमें ज़बान नहीं आती, चैत्राली," सर म्हणाले. "तुम पढ़ सकती हो. तुमने सब पढ़ा?"

"चाळलं सर. सब घर का है."

"तो फिर तुम्हारा फ़ैसला."

फॉर्मवर 'फक्त पुढची बाजू' लिहून मी सही केली. इतक्या वर्षांत या ऑफिसात पहिल्यांदा काहीतरी माझ्या शब्दावर झालं. घरी येऊन अनयला सांगितलं, तर तो फोनमधून मान वर न करता "ग्रेट" म्हणाला.

१६ जून, गुरुवार

फाडणाऱ्या कंपनीचा ट्रक येऊन गेला. मागे उभं राहून बघितलं. वरून कागद जातो, खालून शेवया पडतात. उन्हाने डोळे दुखायला लागले म्हणून आत आले. हॉल स्वच्छ झाडून दिला. मेलवर 'वेल डन' आलं.

४ सप्टेंबर, रविवार

नाशिकहून परत येऊन पंधरवडा झाला, वही आज उघडतेय. दोहा ओळखू येत नाही. खड्डे बुजवून त्यावर झाडं उभी केलीत, मोठ्या इमारतींवर खेळाडूंची अगडबंब चित्रं लागलीत. ओळखीच्यांतली निम्मी घरं बंद. कुणाचं प्रोजेक्ट संपलं, कुणाचं घरभाडं परवडेना. अनयच्या कंपनीतही कुजबुज आहे. घरात आम्ही त्याबद्दल बोलत नाही.

काकूंचा फोन आला. एकोणतीसला विमान आहे. जायच्या आधी एकदा कागद बघायचेत. मी अठराची वेळ दिली. स्कॅन फार सुंदर आलेत, बघून खूश होतील.

१८ सप्टेंबर, रविवार

आज झालं ते नीट लिहिते.

काकू वेळेआधीच आल्या. इरकल नेसून, केस चोपून बसवलेले, वाचायचा चष्मा गळ्यात. खोलीत शिरताच म्हणाल्या, "हात कुठं धुऊ?" म्हटलं, गरज नाही काकू, सगळं स्क्रीनवर आहे. त्यांना ते पटलं नाही, पण बसल्या.

मी पहिली फाईल उघडली. काकांचं अक्षर मोठं करून दाखवलं, मातीच्या थरांची चित्रं दाखवली. त्या मान डोलवत होत्या, पाहुण्यांच्या घरी अल्बम बघतो ना, तशा. तीन-चार पानं झाल्यावर माझ्या मनगटावर हात ठेवला.

"छान आहे गं. आता उलटं कर."

"काय काकू?"

"मागची बाजू. ही तर त्यांच्या कॉलेजची झाली. मागं त्यांचं बोलणं आहे की."

मला आधी कळलंच नाही. मग कळायला लागलं, पायापासून वर. त्या सांगत राहिल्या. ऑपरेशननंतर मुलीने पाटी पाठवली होती, पुसायची. काकांना ती आवडली नाही. पाठकोरे कागद एवढे पडलेत, म्हणायचे, म्हणजे लिहायचे. फाईलमधून कागद ओढायचा, मागे लिहायचं आणि तो काकूंना द्यायचा. वाचून झाला की काकूंनी तो ज्या फाईलमधला त्याच फाईलमध्ये परत ठेवायचा. इकडचा तिकडे झाला तर टेबलावर बोटं आपटायचे. दोन-अडीच वर्षं. त्या घरात काका जे जे बोलले ते सगळं त्या फायलींमध्ये होतं.

"म्हणून तर खोकी मी माझ्या हातानं भरली," काकू म्हणाल्या. "तिकडं वाळवी खाऊन टाकील. हिथं कायम राहील म्हटलं. कर की उलटं."

मी म्हटलं, काकू, मागची बाजू घेतली नाही.

"बरं. मग कागदच आण."

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आता आठवत नाही. 'परत नको'ची खूण, हॉल, ट्रक. मग त्यांनी विचारलं, "तू मराठी ना गं?"

इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती. मराठी न येणारं कुणीही असतं तर ते लिहिलेलं निदान स्कॅनमध्ये टिकलं असतं. न कळलेली बाजू कुणी फाडायला धजलं नसतं.

इकबाल सर चहा घेऊन आले. त्यांना मी हिंदीत सांगितलं. कप ठेवून त्यांनी काकांच्या एका जुन्या व्याख्यानाचं रेकॉर्डिंग शोधून लावलं, ऑपरेशनच्या आधीचं. खणखणीत आवाज, इंग्रजीत, वाळूत पाणी कसं चढतं त्याबद्दल. काकूंनी थोडं ऐकलं.

"बंद करा," त्या म्हणाल्या. "हे मुलांसाठीचं आहे. ह्यात मी नाही."

चहा तसाच राहिला. टॅक्सीपर्यंत सोडायला गेले तर नको म्हणाल्या.

२१ सप्टेंबर, बुधवार

फाडणाऱ्या कंपनीला फोन. लगदा करायला कधीच गेलं. स्कॅनिंगवाल्याला फोन. त्याच्या मशीनमध्ये आपण मागितलं तेवढंच. कायमच्या कपाटातले आराखडे एकेक उलटून पाहिले, सगळे मागून कोरे. चांगल्या कागदाला काकांनी हात लावला नसणार.

इकबाल सरांकडे गेले. मला वाटत होतं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. "मुझे ज़िद करनी चाहिए थी," एवढंच म्हणाले. त्यांनी दोनदा विचारलं होतं, तेही मला आठवतंय.

ही वही मागे चाळली. कुठेतरी एखादी ओळ उतरवून घेतली असेल या आशेने. वीस मार्चला मी लिहिलंय, 'असलं काहीतरी'.

अनयला सांगायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, "पण प्रोसिजर फॉलो केलीस ना? मग झालं." हो, प्रोसिजर फॉलो केली.

२९ सप्टेंबर, गुरुवार

जाऊ नये असं वाटत होतं तरी गेले. काकूंचा फोन बंद येत होता. अल हिलालचं घर रिकामं, भिंती आधीच रंगवलेल्या, कोपऱ्यात नवे पलंग प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेले. काकू एका बॅगेवर बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत, पण "ये" म्हणाल्या आणि दुसरी बॅग माझ्याकडे सरकवली.

माफी मागायची असं ठरवून गेले होते. त्यांनी ती मागूच दिली नाही. "त्याचं काय आता," म्हणाल्या. मग स्वतःशीच बोलावं तसं बोलायला लागल्या.

"मला काय लिहायचे ते सगळं ठाऊक आहे बघ. खिडकीचं लिहायचे, औषधाचं लिहायचे. एकदा पोरीवर रागावून दोन पानं लिहिली होती. पण कसं लिहिलं होतं ते धरायला गेलं की सुटतंय. खिडकी लाव की खिडकी ओढून घे? मनात म्हणून बघते तर माझ्याच आवाजात येतंय. त्यांचं म्हणून येतच नाही. आवाज तर नव्हताच. अक्षर होतं, ते बघितलं की त्यांचं वाटायचं."

खाली कुठेतरी ड्रिल चालू होतं.

"तू वाचलंस ना गं?" त्यांनी एकदम विचारलं. "आम्हा दोघांशिवाय ते वाचलेली तू एकटीच. एखादं सांग की."

"'नको' होतं," मी म्हटलं. "अख्ख्या कागदावर नुसतं 'नको'."

काकू जराशा हसल्या. "ते लई वेळा असायचं. दुसरं सांग."

मी खूप आठवून पाहिलं. खरंच पाहिलं. समोर पेन्सिलीच्या जाड रेघा दिसत होत्या, कागदाचा पिवळटपणा दिसत होता, कडेला टाचणीचा गंज दिसत होता, पण शब्द एकही नाही. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. रिकाम्या हाताने त्यांना पाठवणं माझ्याच्याने होईना.

"एका कागदावर होतं," मी म्हणाले, "'तू जेवलीस का?' असं."

काकू हलल्या नाहीत. इतका वेळ गेला की मला वाटलं, झालं, मानलं त्यांनी. मीसुद्धा तेवढ्यापुरतं मानलं होतं.

"नाही गं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "हे त्यांनी मला कधीच विचारलं नाही. बोलता येत होतं तेव्हा पण नाही."

खालून टॅक्सीचा हॉर्न वाजला. त्या उठल्या, पदर नीट केला, दोन्ही बॅगांच्या चेन ओढून पाहिल्या. दारापर्यंत गेल्या आणि तिथे थांबल्या.

"कशाला सांगितलंस?" त्या म्हणाल्या. "आता मला एवढंच आठवत राहील."